आठ खाटांचं घर

वृद्धाश्रम हा शब्द आमच्या भागात अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिथं नेऊन ठेवलं, की गावात कुजबुज सुरू होते. मुलाचं नाव निघतं आणि सुनेचं त्याच्याही आधी. पण घर आणि वृद्धाश्रम यांच्या मधली एक तिसरी सोय गेल्या काही वर्षांत शहरांतून दिसू लागली आहे. आठ-दहा खाटांचं साधं घर, स्वयंपाकाला एक बाई आणि उठायला, बसायला, आंघोळीला हात देणारी, दिवसरात्र सोबत राहणारी दोन-चार माणसं. इंग्रजीत याला 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात. आपण सोयीसाठी 'आधारघर' म्हणू. असं घर चांगलं की वाईट, हे एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून, मित्रहो, आज तराजूची दोन्ही पारडी भरून पाहू.

हा प्रश्न आपल्या दारात आला कसा? आमचं साखरखेर्डा सिंदखेडराजा तालुक्यातलं. 1724 सालच्या निजामाच्या लढाईमुळं इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसलेलं, पण एरवी सोयाबीन, कापूस आणि तुरीवर जगणारं गाव. इथली शिकलेली पोरं पुण्याला, चाकणला, छत्रपती संभाजीनगरला गेली. जायलाच हवी होती, कारण पाच एकर कोरडवाहूत तीन भावांचं भागत नाही. मागं राहिले म्हातारा-म्हातारी. दोघं आहेत तोवर एकमेकांच्या आधारानं दिवस निघतो. एक जण गेला, की दुसऱ्याचं घर एकदम मोठं होतं. 2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक होते आणि त्यातले सात कोटींपेक्षा जास्त खेड्यांत राहत होते. म्हातारपण हा शहराचा प्रश्न आहे, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पूर्वी काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. अमेरिकेतले प्रसिद्ध शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गावंडे यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळचं उटी. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे जवळपास 110 वर्षं जगले. ते मुलाच्या कुटुंबात राहत, शेतावर चक्कर मारत आणि घरातले लोक महत्त्वाच्या गोष्टी त्यांना विचारून करत. 'बीइंग मॉर्टल' या 2014 सालच्या पुस्तकात गावंडे यांनी आजोबांची हकीकत सांगितली आहे. त्यासोबत त्यांनी हेही दाखवलं आहे, की असं म्हातारपण शक्य होतं, कारण घरात हाताशी माणसं होती आणि जमीन आजोबांच्या ताब्यात होती. आज आपल्याकडं जमीन थोडी आणि हात त्याहून थोडे. जुन्या दिवसांची आठवण काढून हे हात परत येणार नाहीत.

आता आधारघर म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. म्हातारं माणूस आजारीच असतं असं नाही. पुष्कळदा त्याला दवाखान्याची नव्हे, हाताची गरज असते. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 साली रोजच्या जगण्यातली सहा कामं मोजमापासाठी निवडली. आंघोळ करणं, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणं, लघवी-शौचावर ताबा असणं आणि हातानं जेवणं. यांतली किती कामं माणूस स्वतः करतो, यावर त्याला किती मदत लागेल ते ठरतं. सहाही कामं जमत असतील, तर आधारघराची गरज नाही, शेजार पुरतो. एक-दोन किंवा तीन अडत असतील, तर आधारघर उपयोगी. सहाही अडली, नळीनं अन्न द्यावं लागलं, जखमा झाल्या, तर प्रशिक्षित परिचारिका लागते आणि तिथं आठ खाटांचं घर कमी पडतं. घर पाहायला जाण्याआधी ही सहा कामं बोटांवर मोजावीत.

आपल्याकडं निराधारांना सांभाळणाऱ्या संस्था जुन्या आहेत. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावानं एकोणिसाव्या शतकात निघालेलं अनाथ-पंगुगृह आज 'निवारा' म्हणून ओळखलं जातं. 1995 नंतर राज्य सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत मातोश्री वृद्धाश्रम काढण्याची योजना आणली. पुढं पुण्यात 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या राहिल्या, पण त्या घर विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी. परदेशात अमेरिकेच्या ओरेगन राज्यात केरेन ब्राउन विल्सन या बाईंनी 1983 मध्ये पोर्टलंड शहरात एक निवास उघडला. दाराला आतून कडी, स्वतःचं सामान, स्वतःची वेळ आणि हाक मारली की मदत, अशी त्याची रचना होती. त्यांच्या आईला ऐन पन्नाशीत अर्धांगवायू झाला होता आणि तिचे शुश्रूषागृहातले हाल त्यांनी पाहिले होते. जपानमध्ये विस्मरणाच्या आजाराची माणसं 5 ते 9 जणांच्या छोट्या घरात एकत्र राहतात, जमेल तसा हात स्वयंपाकालाही लावतात. म्हणजे लहान घराची कल्पना जगात तपासून पाहिलेली आहे.

आधी जमेच्या बाजू.

पहिली म्हणजे नजर. आठ माणसांच्या घरात आबांनी आज भाकरी अर्धीच टाकली, हे दुपारीच कळतं. शंभर माणसांच्या पंगतीत ते चौथ्या दिवशी कळतं, आणि तोवर ताप अंगात मुरलेला असतो. म्हाताऱ्या माणसाचा आजार पुष्कळदा असाच दबक्या पावलांनी येतो. भूक मंदावते, बोलणं कमी होतं, चाल अडखळते. हे ओळखायला यंत्र लागत नाही, रोज पाहणारा माणूस लागतो.

दुसरी म्हणजे वेळ. मोठ्या संस्थेत घंटा असते. सहाला चहा, आठला नाश्ता, नऊला दिवे बंद. जन्मभर पहाटे चारला उठून गुरांचं शेण काढलेल्या माणसाला हे जड जातं. छोट्या घरात कुणाला पहाटे चहा, कुणाला भाकरी चुरून दूध, हे जमू शकतं. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती माझ्या घरातली आहे. नमाजी माणसाला पहाटे वुजूसाठी पाणी लागतं, रमजानमध्ये सहेरी लागते. शेजारच्या खाटेवरच्या माळकरी आजीला एकादशीला भगर लागते, आणि कांदा-लसूण तिच्या ताटात चालत नाही. घर छोटं आणि चालवणारी बाई समंजस असेल, तर एका चुलीवर हे सगळं निभतं. आमच्या गावच्या गल्ल्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या निभत आलंच आहे. मात्र प्रवेशाआधी हे तोंडानं विचारून घ्यावं. जेवणाबद्दल लाजून गप्प बसलेला माणूस पुढं अर्धपोटी राहतो.

तिसरी बाजू गावाची. असं घर तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी असेल, तर म्हाताऱ्याची बोली सुटत नाही. 'मले जरा वट्ट्यावर बसवा' म्हटलं, तर समोरच्याला ते कळतं. ओळखीचा माणूस बाजाराच्या दिवशी डोकावून जातो, पावसाची आणि भावाची बातमी देतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर मुलाच्या घरी राहणारी कितीतरी म्हातारी माणसं दिवसभर भिंतीशी बोलतात. मुलगा वाईट नसतो, तो फक्त सकाळी आठला जातो आणि रात्री आठला येतो.

चौथी बाजू घरातल्या बाईची. आपण 'मुलानं सांभाळलं' असं म्हणतो, पण अंथरूण धुतलेलं असतं सुनेनं किंवा लेकीनं. रात्री तीनदा उठणारी बाई सकाळी मजुरीला किंवा नोकरीला जाते, तेव्हा तिच्या शरीराचा हिशेब कुणी ठेवत नाही. आईबापांच्या सेवेचं पुण्य सगळ्या धर्मांनी सांगितलं. पुंडलिकानं विठ्ठलाला विटेवर थांबवलं, कुराणात म्हाताऱ्या आईबापांपुढं वैतागाचा नुसता हुंकारही काढायची मनाई आहे. मला वाटतं, थकून वैतागलेल्या एका माणसापेक्षा आलटून-पालटून येणाऱ्या तीन ताज्या माणसांकडून ही मनाई जास्त पाळली जाते.

आता दुसरं पारडं.

छोट्या घराचा मोठा धोका असा, की ते एका माणसावर उभं असतं. चालवणारी बाई आजारी पडली, मालकानं जागा रिकामी करायला सांगितली, भागीदारांत बिनसलं, तर आठ म्हातारी माणसं आठ दिवसांत बेघर होतात. मोठ्या संस्थेला विश्वस्त असतात, इमारत असते, नाव असतं. छोट्या घराला बहुधा भाडेकरार असतो.

दुसरा धोका बंद दाराचा. मोठ्या ठिकाणी शंभर डोळे असतात. छोट्या घरात कुणी चिमटा काढला, गप्प बसावं म्हणून झोपेची गोळी दिली, तर बाहेर कळत नाही. ज्याची सोसावी लागते, त्याच्याच हातून जेवायचं असतं, म्हणून म्हातारं माणूस तक्रारही करत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडी इथं 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण त्यात गेले. ते वृद्धांचं घर नव्हतं, पण कुणी न तपासलेल्या घरात काय होऊ शकतं, हे त्या दिवशी देशानं पाहिलं.

तिसरी अडचण सोबतीची. शंभर जणांत आपल्या जोडीचे चार सापडतात. आठ जणांत चार विसरभोळे, दोन बहिरे आणि एक भांडखोर निघाला, तर शहाण्या माणसाला बोलायला कुणी उरत नाही.

आणि चौथी अडचण पैशाची. तिचा हिशेब मांडूनच पाहू. आठवड्याचे तास 168. एका माणसाचं काम आठवड्याला 48 तास धरलं, तर एक माणूस सतत जागा ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा-दुखणी धरून चार. समजा, प्रत्येकी 12,000 रुपये पगार, म्हणजे 48,000. स्वयंपाकाच्या बाईचे 10,000. जागेचं भाडं 12,000. किराणा-भाजी माणशी 3,000 प्रमाणे 24,000, त्यातच कामाच्या माणसांचं जेवण. वीज, गॅस, पाणी, धुणं 8,000. डॉक्टर आणि परिचारिकेच्या फेऱ्या 6,000. दुरुस्ती आणि अडीनडीला 4,000. बेरीज होते 1,12,000 रुपये. आठांत वाटले, तर माणशी 14,000. यात नफा नाही आणि औषधंही नाहीत. आता दोन खाटा रिकाम्या राहिल्या, तर किराण्याचे 6,000 तेवढे वाचतात, बाकी खर्च तसाच राहतो. उरलेल्या सहा जणांवर माणशी 17,700 च्या आसपास बोजा येतो. आकडे गावोगाव बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. जिथं याच्या अर्ध्या पैशात सगळं देतो म्हणतात, तिथं एकच प्रश्न विचारावा. रात्री जागं कोण असतं? पैसे वाचवायचे झाले, की पहिली कात्री रात्रीच्या माणसाला लागते, आणि म्हातारं माणूस पडतं ते बहुधा रात्री, न्हाणीच्या वाटेवर.

या 14,000 च्या शेजारी आपल्याकडची मदत ठेवून पाहू. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेही पात्र ठरलेल्या गरीब वृद्धांना. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार मुलांकडून निर्वाह मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं करायचा, पण त्या कायद्यानं मिळणाऱ्या रकमेची वरची मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. म्हणजे कायदा पूर्ण वाजवला, तरी आधारघराचं बिल फिटत नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचाराची सोय झाली. ती मोलाची आहे, पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी. रोजच्या आंघोळीला हात देणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

सरकारी मापंही छोट्या घराच्या उपयोगाची नाहीत. 2007 च्या कायद्याचं कलम 19 जिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याबद्दल बोलतं, ते किमान 150 निराधारांसाठी. केंद्राच्या अनुदान योजनेत वृद्धाश्रम धरला जातो तो 25 जणांपासून. आठ खाटांचं घर या दोन्ही चाळण्यांतून खाली पडतं. त्याला अनुदान नाही, म्हणून गरिबाला परवडत नाही. आणि अनुदान नाही, म्हणून त्या निमित्तानं होणारी तपासणीही नाही. माझ्या मते बदल व्हायला हवा तो इथं. तालुक्याच्या गावी आठ-दहा खाटांच्या घरांना नोंदणी सक्तीची करावी, वर्षातून दोनदा न सांगता तपासणी व्हावी, आणि त्या बदल्यात गरीब वृद्धामागं थेट मदत द्यावी. सेवा करणारे हात आपल्याकडं नाहीत असं नाही. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना सांभाळतं. अवघड काम आपल्या मातीतही उभं राहतं, याचा तो पुरावा आहे.

तोवर घर निवडणाऱ्यानं काय पाहावं? पहिली भेट न सांगता द्यावी, आणि तीही संध्याकाळी. दारात शिरताच वास कसा येतो, ते पाहावं. न्हाणीत धरायला दांडी आहे का, फरशी ओली-घसरडी आहे का, चाकाची खुर्ची दारातून जाते का, ते पाहावं. राहणाऱ्यांची नखं आणि टाचा पाहाव्यात, त्या खोटं बोलत नाहीत. खिळून पडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, ती कोण बदलतं हे विचारावं. आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट कुठली, रात्री दाराला कुलूप लागतं का आणि किल्ली कुणाकडं असते, हेही विचारावं. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, आणि आजाऱ्यांना ठेवून उपचार-शुश्रूषा देत असेल तर शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे का, याचे कागद पाहावेत. अनामत किती, परत कधी, माणूस रुग्णालयात असताना पैसे किती, हे कागदावर घ्यावं. घर परगावी असेल, तर आठवड्याला जाऊन येणारा एक ओळखीचा माणूस आधी ठरवावा. ज्याच्याकडं कुणीतरी येतं, त्याच्याशी सगळेच नीट वागतात. काही वावगं दिसलं, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

एक गोष्ट म्हाताऱ्या मंडळींसाठी. जमीन आणि घर मुलांच्या नावावर करायची घाई करू नका. करायचंच झालं, तर बक्षीसपत्रात, आमच्याकडच्या भाषेत हिबानाम्यात, 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द स्पष्ट घाला. अट मोडली, तर त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मधल्या एका निकालात अशा अटीवर बोट ठेवलं. जानेवारी 2025 मधल्या दुसऱ्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं, उदारपणे लावला. पण अट कागदावर असली, की वादाला जागाच कमी राहते. उटीच्या आजोबांच्या हातात जमीन होती, हे विसरू नये.

मग तराजू कुठं झुकतो? ज्याला घरात दिवसा माणूस मिळतो आणि ज्याची दोन-तीनच कामं अडतात, त्यानं घर सोडू नये. एका बाईला चार तासांसाठी कामाला ठेवणं आधारघराच्या निम्म्यानंही लागत नाही. केरळात कोळिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढं गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले. ते खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन मदत करतात. तसं आपल्याकडं बचत गटांतून का होऊ नये? मात्र जो एकटा आहे, ज्याला रात्रीची सोबत लागते आणि ज्याचं पोट मुलांच्या मदतीनं किंवा पेन्शनीवर भरतं, त्याला गावाजवळचं, तपासलेलं छोटं घर दूरच्या मोठ्या संस्थेपेक्षा बरं. ज्याला सतत परिचारिका लागते, त्यानं छोट्या घराच्या गोड शब्दांवर जाऊ नये.

आणि निर्णय करताना ज्याचं म्हातारपण आहे, त्याला विचारावं. बहुतेक घरांत ही बैठक भावाभावांत होते आणि म्हातारा ओसरीवर बसून आतलं बोलणं ऐकत असतो. हातपाय चालतात तोवरच हा विषय काढावा, चार घरं त्याच्यासोबत जाऊन पाहावीत, आवडलं त्यात एक महिना राहून पाहू द्यावं. गावातल्या घराला तोवर कुलूप असू द्यावं, पण त्याची एक किल्ली त्याच्या खिशात राहू द्यावी. नाही रुचलं, तर त्याला परत येता यायला हवं.